भंगारातली ऐरण: रूळ घ्यावा की ठोकळा?

मागच्या अंकात घरच्या भट्टीबद्दल लिहिलं, तर या वेळी पत्रं आली ती बहुतेक ऐरणीचीच. म्हणून अख्खा कॉलम ऐरणीला देऊन टाकतोय, वेल्डिंग रॉडबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न: नमस्कार दादा. मी कळव्याला खारेगावात राहतो, बैठं घर आहे, मागे थोडं अंगण. नोकरी ऐरोलीला आयटीत, पण व्हिडिओ बघून बघून लोहारकामाचं वेड लागलंय. भट्टी झाली, हातोडा आहे, सांडशी आहे, अडलंय फक्त ऐरणीवर. ऑनलाइन चांगली ऐरण बघितली तर किंमत बघून टॅब बंद केला. शीळफाट्याकडे एका भंगारवाल्याकडे रेल्वेच्या रुळाचा फूटभर तुकडा बघून ठेवलाय. इकडे हार्डवेअरवाला म्हणतो बीडाची नवी ऐरण घ्या, गॅरंटी देतो. खुरपी, विळे, घरातली एखादी सुरी एवढंच करायचंय. काय घेऊ?
— एक वाचक, कळवा

उत्तर: बीडाची घेऊ नका, हे पहिलं. हार्डवेअरवाला खोटं बोलतोय असं नाही, त्याच्याकडून लोक ती पत्रा सरळ करायला नि खिळे ठोकायला नेतात आणि तेवढ्याला ती चालतेही. पण तापलेलं लोखंड ठेवून वर किलोभराचा हातोडा मारायचा म्हटलं की खेळ वेगळा. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आत कार्बन दोन टक्क्यांच्या वर, आणि तोही बहुतेक ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला, त्यामुळे दाब मस्त सोसतं पण फटका सोसत नाही, एक घाव चुकून काठावर बसला की टवका उडालाच. आणि काठ हीच तर ऐरणीची सगळ्यात कामाची जागा. वर हातोडा त्याच्यावर उसळत नाही, धप्पकन बसून राहतो, प्रत्येक वेळी तो तुम्हीच उचलायचा, तासाभरात मनगट बोलायला लागतं.

आता तुमच्या डोक्यात जी ऐरण आहे ती व्हिडिओतली, एका बाजूला चोच, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक, मध्ये कंबर. दिसायला झकास आहे, पण खुरपी-विळ्याला त्यातलं काय लागतं सांगा? आपल्याकडचे घिसाडी बघितले असतील, रस्त्याकडेला पाल टाकून बसतात, बाई उभी राहून घण मारते आणि गडी बसून सांडशीने काम फिरवतो. त्यांची ऐरण नीट निरखून बघा कधी. एक छोटासा चौकोनी ठोकळा, वरून घावांनी घासून गुळगुळीत झालेला, खाली ओंडक्यात नाहीतर सरळ जमिनीत घट्ट रोवलेला. बस्स. त्याच्यावर कोयते, कुऱ्हाडी, पहारी सगळं निघतं. म्हणजे विकत घ्यायचं ते वजन, तेही हातोड्याच्या बरोबर खाली असलेलं वजन, आणि ते हलू नये म्हणून पक्की बैठक. आकाराचे पैसे कशाला द्यायचे?

वजन किती, तर हातोड्याच्या निदान वीस पट. तुमचा हातोडा किलोचा असेल तर 20-25 किलोला सुरुवात समजा, 40-50 मिळालं तर चैन.

रुळाकडे येतो. आपल्याकडे मेन लाइनला आता बहुतेक 60 किलोचा रूळ असतो, म्हणजे मीटरला 60 किलो, त्याच्या आधीचा 52 चा. फूटभर तुकडा म्हणजे पहिला साधारण 18 किलो आणि दुसरा 16 च्या आसपास. पोलाद चांगलं, कार्बन 0.6 ते 0.8 टक्के, वरून वर्षानुवर्षं गाड्या गेलेल्या, त्यामुळे डोकं घट्ट झालेलं. मग घोडं अडतं कुठे? रुळाच्या मधल्या पट्टीवर. 60 किलोच्या रुळाचं डोकं 72 मिलीमीटर रुंद, बुड 150 आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी फक्त साडेसोळा मिलीमीटरची. तुम्ही तो रूळ रुळासारखाच आडवा ठेवून ठोकलात तर ती पट्टी प्रत्येक घावाला थरथरते, निम्मी ताकद त्यात जाते आणि आवाज असा घुमतो की शेजारचे काका बनियनवर बाहेर येतात. शिवाय डोकं वरून सपाट नसतं, किंचित गोलाईचं असतं.

उपाय सोपा आहे, रूळ उभा करा. कापलेलं टोक वर, दुसरं टोक ओंडक्यात. आता घाव पडतो डोक्याच्या कापावर आणि खाली फूटभर सलग पोलाद. जागा लहान मिळते, दोनेक इंच बाय तीनेक इंच, पण हातोड्याचं तोंड तरी कुठे त्याहून मोठं असतं? आणि मधल्या पट्टीची कड बोनसमध्ये मिळते, ती ग्राइंडरने गोल करून घेतली की लोखंड ताणायला छान. फक्त एक बघा, तुकडा गॅसने कापलेला असेल तर कापाची कड भाजून कडक नि ठिसूळ झालेली असते, चार-पाच मिलीमीटर ग्राइंडरने काढून टाका, मगच घाव घाला. गॉगल लावून. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

आणि आता खरी गोची, जी व्हिडिओत सांगत नाहीत, कारण ते व्हिडिओ इथले नसतात. रूळ ही रेल्वेची मालमत्ता. 1966 चा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा कब्जाबद्दलचा स्वतंत्र कायदाच आहे, पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि माल चोरीचा असल्याचा रास्त संशय असेल तर तो कायदेशीर मार्गाने आला हे तुम्हालाच दाखवावं लागतं. रुळाच्या पट्टीवर कारखान्याचं नाव, वजन, साल असं उठावदार अक्षरांत असतं, ते काही लपत नाही. रेल्वे स्वतः जुना रूळ लिलावात विकते, तो घेणारे व्यापारी बिलासकट देतात, तसा मिळाला तर खुशाल घ्या. तुमचा शीळफाट्याचा भंगारवाला बिल देतो का ते विचारा, "बिल कशाला भाऊ, घेऊन जा ना" म्हणाला तर हात जोडून निघा. ट्रॅकच्या कडेला पडलेला तुकडा उचलण्याचा तर विचारही करू नका. 1853 ला देशातली पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली हे ठीक आहे, म्हणून रूळ आपल्या घरचे होत नाहीत!

मी तुमच्या जागी असतो तर रुळाच्या नादाला लागलोच नसतो, मी ब्रेकरची कांडी शोधली असती. सध्या नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, कुठेही जा, एक तरी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला पाडत असतात आणि पोकलेनला लावलेला ब्रेकर दिवसभर ठकठकत असतो. त्या ब्रेकरच्या पुढे जी जाडजूड छिन्नी असते ती झिजते, कधी मोडते, मग ती बदलतात आणि जुनी भंगारात जाते. ते पोलाद फटके खायलाच बनवलेलं असतं, मध्यम कार्बनचं, मिश्रधातू घातलेलं, नीट पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं. वजनाचा हिशोब वर्कशॉपमधल्या कुणालाही विचारा, व्यास मिलीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 162 ने भागा, आलं मीटरचं वजन किलोत. 100 मिलीमीटरची कांडी म्हणजे मीटरला जवळपास 62 किलो, फुटाला 19. मोठ्या पोकलेनची 135 ची आली तर मीटरला 112 किलो, ती एकट्याने उचलायच्या फंदात पडू नका, कंबर गेली तर खुरपी कोण करणार.

आणि मजा म्हणजे कांडी कापायचीसुद्धा गरज नाही. ब्रेकरच्या आत जे टोक असतं, ज्याच्यावर पिस्टन आपटतो, ते सपाटच असतं. टोकदार बाजू खाली जमिनीत, सपाट बाजू वर. तुमच्याकडे अंगण आहेच. वरच्या टोकाची कड फुगून बाहेर आली असेल तर तेवढी ग्राइंडरने उतरवा, तशीच ठेवलीत तर एखाद दिवशी तिचा कपचा उडेल.

कांडी नाहीच मिळाली तर रबाळे, महापे, पावणे, तळोजा, या एमआयडीसीतल्या गॅस कटिंगवाल्यांकडे चक्कर मारा. जाड प्लेटमधून गोल नि चौकोन कापून झाल्यावर उरलेले तुकडे त्यांच्याकडे कोपऱ्यात पडलेले असतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारातही गोल नि चौकोनी बारचे कटपीस विचारा, टनाचा धंदा करणारा माणूस एका तुकड्यासाठी आधी कपाळाला आठ्या घालेल, पण चहाच्या टायमाला गेलात तर बोलतो. 100 बाय 100 चा फूटभर चौकोनी ठोकळा 24 किलोच्या आसपास भरतो. ईएन 8 किंवा ईएन 24, म्हणजे मजबूत जातीचं पोलाद, मिळालं तर उत्तम. साधं एमएस, म्हणजे कमी कार्बनचं माइल्ड स्टील, मिळालं तरी घ्या, खरंच घ्या! एमएस मऊ असतं, चुकलेल्या घावाचे खड्डे पडतात, पण नारंगी-पिवळं तापलेलं लोखंड त्याहून कितीतरी मऊ असतं, ऐरण जिंकतेच. खड्डे पडले की सहा महिन्यांनी फ्लॅप डिस्क, म्हणजे ग्राइंडरला लावायची पॉलिश पेपरची चकती, फिरवायची. फोर्कलिफ्टचे झिजलेले काटे तुर्भे, भिवंडीच्या गोदामांच्या आसपास निघतात, तेही जबरदस्त पोलाद, पण आडवे न टाकता उभे रोवायचे, म्हणजे कापलेलं टोक वर.

भंगारवाल्याकडे जाताना खिशात बेअरिंगची एक मोठी गोळी ठेवा. ठोकळा जमिनीवर नीट टेकवा, दहा इंचांवरून गोळी सोडा. सात-आठ इंच वर आली तर डोळे झाकून घ्या, चार-पाच आली तर एमएससारखं काहीतरी आहे, भाव पाडा, दोन-तीन इंचांवर विझली तर बीड समजा. गंजाचा थर असेल तर आधी पॉलिश पेपरने तेवढी जागा घासा, नाहीतर चांगला तुकडा नापास होईल. ग्राइंडर लावू दिला तर ठिणग्याही बघा, एमएसच्या लांब सरळ रेषा जातात, कार्बन जास्त असेल तर फुलबाजीसारख्या फुटतात, बीडाच्या आखूड नि लालसर, लगेच मरतात.

बसवण्याची उंची: उभं राहून हात सरळ सोडा, मूठ वळा, बोटांची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचं तोंड. ओंडका घेणार असाल तर वखारीतून बाभळीचा घ्या, रेषा उभ्या येतील असा, दोन-अडीच फूट मातीत आणि बाकीचा वर. मातीतल्या भागाला जळकं ऑईल भरपूर पाजा, खारेगावच्या ओलीत वाळवी पहिल्याच पावसाळ्यात हजर होते. ठोकळा ओंडक्यात इंच-दीड इंच खोबणीत बसवून बाजूने अँगलचे तुकडे ठोका. हाताने हलवून बघा, हलला तर अजून पाचर मारा.

एवढ्यात हे सगळं झेपत नसेल तर आजच सुरू करायला एक रस्ता आहे. हार्डवेअरमधून मोठा घण आणा, दहा पौंडी वगैरे, दांडा काढा, डोकं ओंडक्यात निम्मं रोवा, एक तोंड वर. वजन कमी, पण सगळं एका जागी आणि पोलाद कडक. लहान सुऱ्या-खिळ्यांना चालतं. फक्त रिकाम्या तोंडावर हातोडा थेट आपटू नका, कडकवर कडक आपटलं की कपचा उडतो आणि तो डोळ्याच्याच दिशेने येतो.

हां, आणि ठोकळ्याला घरी पाणी देऊन कडक करायचा विचार येईल, कारण व्हिडिओत करतात. नका करू. 25 किलो पोलाद आतपर्यंत लाल करणं तुमच्या भट्टीच्या बापाला जमणार नाही, आणि जमलंच तर बादलीभर पाण्यात ते थंड होत नाही, नुसती वाफ होते, किंवा तडकतं.

प्रश्न: मी खारघरला सातव्या मजल्यावर राहतो. टेरेस फ्लॅट आहे. ऐरण टेरेसवर ठेवली तर सोसायटीवाले आवाजावरून भांडतील का? आवाज कमी कसा करू?
— एक वाचक, खारघर

उत्तर: भांडतील. आणि त्यांचं बरोबर असेल.

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा. उघड्या ऐरणीवरचा एक घाव ही मर्यादा सहज ओलांडतो. आवाज कमी करता येतो, खणखणाट तर बराच जातो, त्यासाठी ऐरणीच्या बुडाला जुन्या मोठ्या स्पीकरचं मॅग्नेट चिकटवा, कमरेला जाड साखळी आवळून गुंडाळा, ठोकळा सिलिकॉनच्या थरावर बसवा, नाहीतर सरळ वाळूने भरलेल्या लोखंडी डब्यात रोवा. उभा ठोकळा आडव्या रुळापेक्षा मुळातच कमी बोंबलतो.

पण तुमचा प्रश्न खणखणाटाचा नाहीये, धक्क्याचा आहे. घाव स्लॅबमधून खाली उतरतो आणि सहाव्या मजल्यावरच्या माणसाला तो डोक्यात बसतो, तिथे मॅग्नेट काय करणार? वर तापलेल्या लोखंडाची खपली टाइल्सवर उडणार, वॉटरप्रूफिंगवर पडणार, आणि भट्टी? टेरेसवर भट्टी मी सुचवणार नाही. तळोज्याला एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याशी ओळख काढा, सुट्टीच्या वारी शेडचा कोपरा मागा, लाइटचं बिल नि वर थोडे पैसे द्या. असे लोक तयार होतात, उलट संध्याकाळी स्वतःच येऊन उभे राहतात बघायला. ऐरण तिथेच ठेवा. 40 किलोची ऐरण कुणी पळवत नाही, फक्त ग्राइंडर घरी आणा.

प्रश्न: ऐरण झाली की शिवकालीन तलवार घडवायचीय. चालेल ना?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं आणि घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाचं नाही, म्हणजे शस्त्र कायद्याचा विषय आला, परवान्याशिवाय नको. आधी एक सरळ खिळा घडवून दाखवा, मग बोलू.

प्रश्न: दादा, मी तांब्या-पितळेचे दागिने करते, कानातले, कडी वगैरे, घरच्या घरीच. सध्या जुन्या पाट्यावर ठोकते पण पत्र्यावर दगडाचे ठसे उमटतात. मला पण ऐरण लागेल का, आणि एवढी जड कुठे ठेवू? वन बीएचके आहे.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, वरचं सगळं वाचून घाबरू नका, तुम्हाला 25 किलो वगैरे काही नको. तुम्ही थंड नि मऊ धातू हलक्या हातोडीने ठोकता, तुमचं काम तीन-चार इंची चौकोनी पोलादाच्या लादीवर होतं, इंचभर जाड, दोनेक किलो. वजनापेक्षा तुम्हाला हवा तो पृष्ठभाग. दगडाचे ठसे उमटतात तसेच पोलादावर एक ओरखडा असेल तर तोही प्रत्येक कानातल्यावर उमटणार, पाट्यावर वाटणंच बरं.

रबाळे एमआयडीसीत डाय बनवणाऱ्या टूलरूम आहेत, त्यांच्याकडे कडक केलेल्या पोलादाचा उरलेला तुकडा मागा आणि तिथेच सरफेस ग्राइंडिंग करून घ्या, मशीन सुरूच असतं. घरी आल्यावर सपाट काचेवर वॉटर पेपर ठेवून लादी त्याच्यावर घासा, 400, मग 800, मग 1500 नंबर, प्रत्येक वेळी आधीच्या रेषांना आडवं, शेवटी मेटल पॉलिश. नळाचं प्रतिबिंब स्पष्ट दिसायला लागलं की थांबा. तेवढा वेळ नसेल तर झवेरी बाजाराच्या आसपास सोनारांच्या हत्यारांची दुकानं आहेत, तिथे छोटी ऐरण तयारच मिळते, हातात घेऊन तोंडावर बोट फिरवून बघूनच घ्या.

लादीखाली जुन्या जीन्सचं चार पदरी कापड किंवा वाळूची छोटी पिशवी ठेवा, खालच्या मजल्याला कळणारही नाही. पत्रा ठोकून कडक वाटायला लागला की जोर लावू नका, तांबं ठोकल्यावर कडक होतंच, मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, परत मऊ. फक्त तो नीट पुसून कोरडा केल्याशिवाय लादीवर आणू नका, ऐरोलीची खाडीची हवा आणि वर पाण्याचा थेंब म्हणजे सकाळी गंजाचा ठिपका. काम झालं की शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा आणि फडक्यात गुंडाळून ठेवायची. आणि घरात कुणाला तिच्यावर अक्रोड फोडू देऊ नका.